पवईतली पाहुणी

दर्शना जपानी कुटुंबात राहायला गेली, ती कांजूरमार्गच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. चाळीत आधी सगळ्यांना वाटलं, पोरगी विमानाने जाणार. शेजारच्या शांताबाईंनी तर वाटेत खायला चिवड्याचं पाकीट आणून दिलं होतं. पवईला चाललीये म्हटल्यावर त्या हसल्या, पण पाकीट परत नेलं नाही.

झालं होतं असं. दर्शना नर्सिंगचा कोर्स करून जपानी भाषा शिकत होती. तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला माणसं लागतात, आणि त्या नोकरीसाठी तिची मुलाखत झाली होती. भाषा शिकवणाऱ्या किरण मॅडमचं म्हणणं होतं की नुसत्या वर्गातल्या भाषेवर भागत नाही. जाण्याआधी तीन आठवडे जपानी घरात राहायचं आणि तिथे जपानीच बोलायचं. मराठी, हिंदी, इंग्रजी बंद.

मॅडमच्या ओळखीचं ओकाबे कुटुंब पवईत राहत होतं. ओकाबे-सान, म्हणजे ओकाबे साहेब, सकाळी कंपनीत जात ते रात्रीच येत. घरात त्यांची बायको सानाए आणि आई फुमी आजी. नवरा वारल्यावर जपानात गावी एकट्या राहायला नकोत म्हणून मुलाने आजींना इकडे आणलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात अशक्त झाला होता आणि लांबचं चालवत नसे.

त्याच पवईत, दोन-तीन इमारती सोडून, दर्शनाची आई शकु तीन घरी स्वयंपाक करायची. माझ्याच रस्त्याने जाणार तू, असं म्हणत तिने बॅग भरली आणि लेकीचे इस्त्री केलेले ड्रेस पुन्हा एकदा इस्त्री करून आणले.

पहिल्याच संध्याकाळी घोळ झाला. ओकाबेंच्या बाथरूममध्ये टब होता. आसपासच्या बऱ्याच घरांत असल्या टबात बादल्या ठेवतात, इथे तो रोज गरम पाण्याने भरला जायचा. पाहुणी म्हणून पहिला मान दर्शनाचा. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच टबात उतरायचं, एवढं तिला वर्गात शिकवलं होतं. ती तसंच वागली, थोडा वेळ पाण्यात बसली, आणि निघताना बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं. वर टबही घासून लख्ख केला. बाहेर फुमी आजी टॉवेल घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. सानाएने रिकामा टब पाहिला, मग सावकाश, सोप्या शब्दांत समजावलं. तेच पाणी सगळ्यांचं. आधी पाहुणा, मग आजी, मग आम्ही.

दर्शनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या घरी सकाळी तासभर नळ येतो, आणि इथे तिने भरला टब वाहून जाऊ दिला होता. पण त्याहून मोठी अडचण तिला जपानीत सांगताच आली नसती. आपल्या अंगाला लागलेल्या पाण्यात दुसऱ्या कुणी उतरावं, हे तिच्या मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी ती नुसती अंग धुऊन बाहेर आली, टबाला शिवलीच नाही. आजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी मानेनेच तिला परत आत पाठवलं. ती बाहेर आल्यावर सानाएचा हात धरून आजी त्याच पाण्यात उतरल्या, आणि गरम पाण्याने बरं वाटल्यावर माणूस सोडतो तसा त्यांचा लांब उसासा दाराबाहेर ऐकू आला.

रविवारी घरी फोन करायची मुभा होती. दर्शनाचे वडील भाऊराव शाळेची बस चालवायचे. टबाची गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग त्यांनी आपल्या आजोबांचं सांगितलं, चिखलीकडच्या गावातलं. विहिरीला हात लावायची सोय नव्हती. घागर घेऊन लांब उभं राहायचं, कुणाच्या मनात आलं तर तो वरून ओतायचा. दर्शनाने हे लहानपणापासून ऐकलेलं होतं. पुढचं मात्र नवीन होतं.

"त्यांनी तुला पहिला मान दिला, चांगलं झालं," भाऊराव म्हणाले. "पण त्यांनी दिला म्हणून तू मोठी झालीस असं समजू नको. मोठी तू आधीपासूनच आहेस. रोज बस त्या पाण्यात, बिनधास्त."

त्या दिवसापासून ती रोज बसली.

फुमी आजी मात्र सहज वश होणाऱ्या नव्हत्या. त्यांची बोली गावाकडची होती, वर्गात शिकलेलं एकही वाक्य त्या बोलीशी नीट जुळायचं नाही. कुणी भरवलेलं त्यांना चालायचं नाही, कुणी हात धरलेला तर मुळीच नाही. बाथरूमपुरती फक्त सानाएला सूट होती. पहिल्या आठवड्यात दर्शनाने त्यांचा पेला उचलून द्यायला हात पुढे केला, तेव्हा आजींनी तो पेला दूर सरकवला. नर्सिंगमध्ये शिकलेलं सगळं तिथे निकामी ठरलं. मग तिने मदत करणंच सोडलं. पेला आजींच्या डाव्या हाताशी ठेवायचा, चपला पाय सहज जातील अशा वळवून ठेवायच्या, आणि आपण आपल्या कामाला लागायचं.

काम पुष्कळ होतं. सकाळी पहिला भात वाटीत काढून आजींच्या वारलेल्या नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवायचा. फोटोशेजारी बुद्धांची छोटी मूर्ती होती. घरी ती बुद्धांपुढे मेणबत्ती लावायची, इथे उदबत्ती. तांदूळ धुताना आजी मागे उभ्या राहून बघायच्या. पाणी नितळ झाल्याशिवाय त्यांची मान हलायची नाही.

एका संध्याकाळी सानाए बाजारात गेली होती. आजी बाथरूममध्ये स्टुलावर बसल्या होत्या. आतून हाक आली, तीही चक्क नावाने. त्यांचा "दारुशाना" हा उच्चार ऐकून दर्शना धावत गेली, काही लागलं की काय या भीतीने. आजींनी साबणाचा पंचा तिच्यापुढे धरला.

"पाठ घासशील का?" त्यांनी विचारलं. "माझा हात पोचत नाही."

दर्शनाने पाठ घासली. रात्री सानाएला ते कळलं तेव्हा तिने आजींकडे पाहिलं, दर्शनाकडे पाहिलं आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. तिला पाठीसाठी कधी हाक आली नव्हती.

मग रोज संध्याकाळी दर्शना आजींना व्हीलचेअरवरून खाली बागेत न्यायला लागली. तिथे शेजारच्या विंगमधल्या एका बाईंनी तिला हिंदीत विचारलं, किती वाजता सुटतेस, आमच्या सासूबाईंकडे बघशील का. बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. तरी दर्शनाला आत काहीतरी टोचलं, आणि लगेच त्या टोचण्याचाच राग आला. तिची आई हेच करत होती, त्यावर तर घर उभं होतं. किरण मॅडमचा नियम मोडून ती हिंदीत म्हणाली, "माझी आई इथेच स्वयंपाकाची कामं करते, आणि फार चांगली करते. पण मी ओकाबेंकडे पाहुणी आहे."

बाई ओशाळून सॉरी म्हणाल्या. आजींना शब्द कळले नाहीत, पण काहीतरी झालं हे कळलं. त्यांनी विचारलं, दर्शनाने जमेल तसं सांगितलं. आजींनी बाईंकडे वळून ठणठणीत आवाजात म्हटलं, "उची नो को." बाईंनी गोंधळून दर्शनाकडे पाहिलं. दर्शनाला अर्थ येत होता. आमच्या घरातली पोर. पण तो स्वतःच्या तोंडाने सांगायला तिला संकोच वाटला. ती नुसती हसली आणि खुर्ची पुढे ढकलली.

तिसऱ्या आठवड्यात निवड झाल्याचा फोन आला. सानाएने शेवटच्या रविवारी दर्शनाच्या आईवडिलांना जेवायला बोलावलं.

शकु ठेवणीतली साडी नेसून आली. आल्या आल्या सवयीने ती स्वयंपाकघराकडे वळली, ताटं घ्यायला. सानाएने तिला हाताला धरून टेबलाशी बसवलं. पवईतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत शकुने पोळ्या लाटल्या होत्या, पण तिथल्या टेबलाशी ती कधी बसली नव्हती. ती खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली. भाऊरावांनी बुद्धांपुढे हात जोडले आणि येऊन तिच्या शेजारी ऐसपैस बसले.

भात आजींनी वाढला. डाव्या हातात पळी, उजवा हात वाटीला नुसता टेकवलेला. वेळ लागला, पण कुणी मदत केली नाही. दर्शनाने आईला डोळ्यांनीच खुणावलं होतं, थांब. वाटी समोर आली तेव्हा शकुने ती दोन्ही हातांनी घेतली आणि खुर्चीत नीट मागे सरकून बसली.

जेवता जेवता आजी काहीतरी बोलल्या. दर्शनाने सांगितलं, "आजी म्हणतायत, मी पाठ छान घासते. मला इथेच ठेवून जा."

शकुने घास गिळला. "त्यांना म्हणावं, जपानला मी लेक पाठवतेय, देत नाहीये. काम शिकेल, कमवेल आणि माघारी येईल. आणि येताना त्यांच्या गावी जाऊन घर बघून येईल, कसं आहे ते त्यांना सांगायला."

भाऊराव गालात हसले. दर्शनाला क्षणभर वाटलं, थोडं मऊ करून सांगावं. मग तिने शब्द न बदलता सगळं सांगितलं, आजींच्या बोलीतले दोन-तीन शब्द घालून. फुमी आजींनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या, शकुकडे नीट पाहिलं आणि बसल्या बसल्या कमरेतून वाकून नमस्कार केला. शकुनेही तसाच वाकून केला.

मग तिने वाटी पुढे केली. भात तिला अजून हवा होता.