औषधालाही किडा नाही

ओढ्याकाठी बाटल्या घेऊन लांबच लांब रांग लागली होती. रोग बरे करतो म्हणत गावात उतरलेल्या बाबांनी आधी ओढ्याला बांध घालून पाणी अडवलं, आणि पंधरा दिवसांत तो गढूळ डोह निळाशार झाला, पार तळ दिसायला लागला.

"शोधा, औषधाला तरी किडा सापडतोय का," बाबा म्हणत होते. "आम्ही नुसती फुंकर मारली."

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई साडी खोचून सरळ पाण्यात उतरल्या. गेल्या वर्षी याच दगडांखाली मुलांसोबत त्यांनी अकरा जातींचे किडे मोजले होते. तीन शेपट्यांचे, वाळूचं घर पाठीवर घेऊन फिरणारे, चतुरांची पिल्लं. आज सात दगड उलटले तरी काहीच वळवळलं नाही. बाईंनी वळून रांगेकडे पाहिलं, तिथे त्यांचा दादा उभा होता. यकृताच्या दुखण्यानं डोळे पिवळे झालेले, डॉक्टरांच्या गोळ्या बंद. नऊ दिवस तो रोज पेलाभर हेच पाणी पीत होता आणि उलट्या करत होता.

"उलटी म्हणजे रोगानं बिऱ्हाड हलवलं," असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. ज्याला उलटी होत नाही, त्याची भक्ती कच्ची.

आठव्या दगडाखाली फडक्याची पुरचुंडी निघाली. आत निळे खडे होते.

"हा मोरचूद," बाई म्हणाल्या. "पिकावरच्या बुरशीला मारतात तो. यानं शेवाळ मेलं, किडे मेले, म्हणून पाणी नितळ दिसतंय. खोटं वाटतं? बघा." त्यांनी दादाच्या बाटलीत लोखंडी खिळा टाकला. थोड्या वेळानं तो लालसर होऊन बाहेर आला. "पाण्यात विरघळलेलं मोरचुदातलं तांबं खिळ्यावर चढलं. हेच तुमच्या पोटात जातंय."

बाबांनी तो बाईंच्या हातातून घेतला. मग त्यांनी खिळा उंच धरला. "लोखंडाचं तांबं झालं. श्रद्धा ठेवा, उद्या सोनं होईल."

अख्ख्या रांगेनं हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

"अगं, तूच तर करून दाखवलंस," दादा म्हणाला. "मग आता का अडवतेस?"

बाईंनी बाटली घट्ट धरली. दादानं त्यांची बोटं हळूच, एकेक करून सोडवली. लहानपणी त्यांच्या हातातली कात्री तो अशीच काढून घ्यायचा. बाईंना रडू आवरलं नाही.

तुमच्या घरचं कुणी अशा रांगेत असेल, तर त्याला आजच विचारा. जे पाणी साध्या किड्याला जगू देत नाही, ते माणसाला कसं जगवेल? बाईंनी विचारलं, पण नऊ दिवस उशिरा.