काठीचं ऐकणारी काच

डोळे मिटा पाहू. समजा, तुमच्यासमोर तीन काचा उभ्या आहेत, दाराएवढ्या. प्रत्येकीवर चित्रं आहेत आणि बोट लावलं की ती हलतात. यातली एक निवडायचीय. कुठली घ्याल? सगळ्यात चकचकीत ती? अडोमाको मामानंही अगदी तेच केलं होतं.

मामा घानातल्या कुमासी शहरात असले काचेचे पडदे विकायचा. आमच्या राजवाड्यात जुन्या वस्तूंचं नवं दालन उघडणार होतं. तिथला पडदा पुरवायचं काम त्याच्याकडे आलं. उद्घाटन करणार होते त्याचेच वडील. सगळे त्यांना नाना म्हणत. राजाचा शब्द लोकांपर्यंत यायचा तो नानांच्या तोंडून, आणि हातात त्यांची कोरीव लाकडी काठी असली तरच. तेव्हा पडदाही काठीच्या टोकानंच उघडायचा. बोटानं? छे! बोटं केळी सोलायला असतात, असं नानांचं मत. सगळ्या दरबारासमोर पडदा उघडला नाही, तर नानांची मान खाली जाणार होती.

मामाची भाची पोमा मात्र चकचकीत काचेकडे संशयानं बघत होती.

"मामा, ही नानांच्या काठीचं ऐकेल?"

"अगं, दहा बोटं एकदम ओळखते ही! फोनसारखी आहे."

"काठीला बोटं कुठं असतात?"

"तू जा बघू आत. आईला फुफूसाठी उकडलेले कंद कांडायला मदत कर."

पोमा गेली आणि सार ढवळायचा लाकडी डाव घेऊन परत आली. टक् टक्! काच ढिम्म.

"बघ, रुसली!"

मामानं डोकं खाजवलं. त्या काचेला आपल्या कातडीतून चालणारी इवलीशी वीज कळते. कोरड्या लाकडातून ती कशी मिळणार?

दुसरी काच दाबली की ऐकायची. डावाचंही ऐकलं तिनं. मग पोमानं धाकट्या भावाचा हातही आपल्या हाताशेजारी तिच्यावर टेकवला, आणि दोघांच्या दाबानं ती पार गोंधळली. दालनात तर एका वेळी कितीतरी हात लागणार होते.

"ही खानावळीतल्या मावशीला देऊ," मामा म्हणाला. "तिचे हात सदा सारात बुडालेले, आणि दाबणारी ती एकटीच."

तिसरीच्या चौकटीत न दिसणारे किरण इकडून तिकडे धावत होते. त्यांना जे आडवं येईल ते त्या काचेच्या लेखी बोटच. डाव चालला, कोपर चाललं, एकाच वेळी दोघांचे हात चालले, भावाचं शेंबडं नाकसुद्धा चाललं!

"हीच घ्यायची!" दोघं एकदम ओरडले.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजले. राजा छत्रीखाली बसला. नानांनी खांद्यावरचं वस्त्र सावरून काठी उचलली, आणि तेवढ्यात एक टपोरी माशी काचेवर बसली.

झपकन पडदा उघडला!

नानांची काठी हवेतच राहिली. मागून एक म्हातारा म्हणाला, "आज राजाच्या वतीनं माशी बोलली वाटतं!" इतके हसले लोक की राजाची छत्रीसुद्धा हलली. नानांचे कान लाल झाले. त्यांनी मामाकडे असं पाहिलं, की मामा खांबाआड सरकला आणि तिथूनच त्यानं रिमोटनं पडदा पुन्हा बंद केला.

माशी अजून तिथंच घिरट्या घालत होती. नानांनी काठी पुन्हा उचलली.

तेव्हा पोमा उठली. राजाला वारा घालणाऱ्या सेवकाच्या हातून तिनं मोठा पंखा काढून घेतला, काचेशेजारी ताठ उभी राहिली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं काचेलाच वारा घालू लागली.