साध्या की मुलाम्याच्या

“काका, गाडीला तुम्ही धुऊन धुऊन मारलंत,” चाकाशी उकिडवा बसलेला मेकॅनिक म्हणाला.

चष्मेवाले हातात फडकं घेऊन उभे होते. जन्मभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा पुसलेल्या माणसाला हा आरोप चांगलाच झोंबला. बायको लेकीकडे गेल्यापासून रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, त्यांनी ही गाडी धुतली होती. पाइप लावून, पार चाकांच्या आतपर्यंत. मग वर कव्हर घालून ते कामाला जायचे. गाडी मात्र जागची हलली नव्हती, कारण चष्मेवाल्यांना ती चालवता येत नव्हती.

मेकॅनिकने चाक काढून बाजूला ठेवलं होतं. आतली लोखंडी डिस्क आता उघडी पडली होती. ब्रेक दाबला की दोन पॅड हिलाच दोन्हीकडून चिमटीत धरतात. तिच्यावर गंजाचे पोपडे आले होते आणि एका जागी तर पॅडचा आकार जसाच्या तसा उमटला होता.

“पाणी मारायचं, फिरवायची नाही, वरून कव्हर. लोखंड आहे ते, गंजेल नाही तर काय करेल? चालती असती तर पॅडनंच घासून चकचकीत ठेवली असती.”

“लेथवर घासून नाही का भागणार?”

“घासायला जाडी उरायला नको? नवीन घ्या. आणि दोन्ही बाजूंच्या घ्या. एकच बदलली तर ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढते. हे जोडीनंच बदलायचं असतं.”

“शनिवारच्या आत होईल ना पण?”

शनिवारी बायको येणार होती, चार दिवसांसाठी. ती परिचारिका होती. घरोघरी जाऊन रोग्यांच्या मलमपट्ट्या करायची, म्हणून गाडी तिची आणि चालवायचीही तीच. चष्मेवाले शेजारी बसायचे, मांडीवर तिची पिशवी धरून. तरुणपणी एकदा तिने त्यांना शिकवायचा घाट घातला होता. त्यांनी पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांची कुंपणभिंत पाडली आणि विषय तिथेच मिटला. लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून ती तीन महिन्यांकरता गेली, आणि आता नातू बोलायला लागला तरी तिकडेच होती. “तुम्हीच या इकडे,” असं ती अनेकदा म्हणाली. पण जावयाची जागा दोन खोल्यांची, आणि इथे दुकान. दुकान बंद करून जावयाच्या सोफ्यावर दिवस काढायचे म्हणजे चष्मेवाल्यांच्या जिवावर यायचं.

त्यांना बायको परत हवी होती, चार दिवसांपुरती नव्हे, कायमची. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. फोनवर ती आधी “गाडी कशी आहे?” विचारायची आणि मग “तुम्ही कसे आहात?” दोन्हींना त्यांचं उत्तर एकच, “मजेत.” त्यावरून त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता, की ती गाडीत बसेल, किल्ली फिरवेल, जुने रस्ते दिसतील आणि म्हणेल, आता नाही जायची मी. सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे लोक. चष्मेवाले गाडीवरून बायको गाठायला निघाले होते.

स्पेअर पार्टच्या दुकानातला माणूस गप्पिष्ट होता. त्याने काउंटरवर एकामागून एक डिस्क मांडल्या.

“ही भोकांची. पोरं नेतात, दिसायला झकास. तुम्हाला शर्यतीत उतरायचंय?”

“नाही हो.”

“मग हिला बाजूला ठेवू. आता ह्या दोघी. ही साधी, आणि ही मुलाम्याची.” त्याने राखाडी रंगाच्या डिस्कवर टिचकी मारली. “पॅड घासतं तिथला मुलामा दोन दिवसांत जाणार, पण कडा आणि मधलं अंग गंजत नाही. ज्यांची गाडी उभीच असते त्यांना मी हीच देतो. रोज फिरवणार असाल तर साधी भरपूर झाली. बोला, गाडी रोज चालणार की उभी राहणार?”

आपल्या दुकानात चष्मेवाले दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारायचे, ही बरी की ही? माणसं गोंधळली की हसून म्हणायचे, घाई नाही, सावकाश सांगा. आज त्यांच्यावरच ती वेळ आली होती, आणि दोन्ही डिस्क त्यांना सारख्याच दिसत होत्या.

“घरी विचारतो,” ते म्हणाले आणि फोन लावला. आवाज तिला नीट जावा म्हणून स्पीकर सुरू केला, कारण पलीकडे नातू काहीतरी बडवत असायचा.

“अगं, गाडीच्या डिस्क बदलतोय. दुकानदार विचारतायत, गाडी रोज चालणार की उभी राहणार? रोज चालणार असेल तर साध्या, नाही तर मुलाम्याच्या.”

पलीकडचं बडवणं चालूच राहिलं.

“ऐकू येतंय ना?”

“येतंय हो.” मग म्हणाली, “मुलाम्याच्या घ्या.”

दुकानदार एकदम खोकी नीट लावायला लागला.

“आल्यावर समोरासमोर सांगणार होते. पोरीला पुन्हा दिवस गेलेत. ह्या खेपेला डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलंय. मी कशी येऊ, तुम्हीच सांगा.”

“अरे वा,” चष्मेवाले म्हणाले. “वा. चांगली बातमी आहे. तिला जप म्हणावं.”

फोन ठेवून ते काउंटरकडे वळले. दुकानदाराने मुलाम्याच्या डिस्क त्यांच्यापुढे सरकवल्या.

“साध्या द्या,” चष्मेवाले म्हणाले.

“वहिनी तर...”

“गाडी चालणार आहे.”

कोण चालवणार, हे दुकानदाराने विचारलं नाही. विचारलं असतं तर चष्मेवाल्यांना तेव्हा तरी सांगता आलं नसतं.

शनिवारी ती आली. पिशवी घरात टाकून आधी गाडीपाशी गेली, वाकून चाकाच्या फटीतून आत बघितलं. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

“अहो, ह्या साध्या आहेत.”

“हो.”

“मी मुलाम्याच्या सांगितल्या होत्या.”

“ऐकलं होतं मी.”

मेकॅनिकने सांगून ठेवलं होतं की नव्या डिस्क आधी पॅडशी घासून रुळवून घ्याव्या लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेकने हळू करायची, पुन्हा वेग, पुन्हा हळू. पण पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथे डाग बसतो आणि मग गाडी कायमची थरथरते. म्हणून संध्याकाळी दोघं गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. ती चालवत होती. शेजारी चष्मेवाले. आज मांडीवर पिशवी नव्हती, तर हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

तिचे पाय काही विसरले नव्हते. वेग, ब्रेक, वेग, ब्रेक. गाडी शहाण्यासारखी ऐकत होती. ती हसली आणि म्हणाली, “किती दिवसांनी.” चष्मेवाल्यांना ते बघून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच आणखी वाईट वाटलं.

“मला तुझ्यावाचून करमत नाही,” ते समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. “घर खायला उठतं.”

तिने गाडी हळू केली.

“थांबू नकोस,” ते घाईने म्हणाले. “डाग पडेल.”

तिने पुन्हा वेग घेतला. डोळे पुसायला एक हात काढला आणि परत स्टिअरिंगवर ठेवला. “हे कधी बोललात का तुम्ही? विचारलं की मजेत. मला वाटायचं, माणूस खरंच मजेत आहे. वाईटसुद्धा वाटायचं त्याचं.”

“गाडी मजेत आहे असं म्हणत होतो मी.”

“तीही नव्हतीच,” ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं. ते फार टिकलं नाही.

“पोरीचं माझ्यावाचून अडतंय हो तिकडे.”

“माहीत आहे. जा तू. मी नको म्हणत नाही. नुसतं सांगितलं.”

घराकडचं वळण आलं तरी ती वळली नाही. डिस्क अजून गार व्हायच्या आहेत, म्हणाली, आणि गाडी सरळ नेली. चष्मेवाल्यांना डिस्कबद्दल आता काही शंका उरली नव्हती, तरी ते “बरोबर आहे” म्हणाले.

चार दिवस कुठे गेले कळलं नाही. जाताना ती म्हणाली, बाळंतपण झालं की बघू. नातवाच्या वेळीही ती तीन महिन्यांत येते म्हणाली होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात चष्मेवाले पहिल्यांदा गाडीच्या चालवायच्या बाजूच्या दाराने आत शिरले. शेजारी मेकॅनिक बसला. ह्या वयात शिकवणी म्हटल्यावर आधी त्याला गंमत वाटली होती, पण काकांचा चेहरा बघून त्याने थट्टा आवरली. मैदानात पाडायला भिंत नाही, एवढं मात्र त्याने खात्री करून घेतलं होतं.

चष्मेवाले उंच. बायको जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायची. तिच्या मापाने पुढे घेतलेल्या सीटवर बसल्यावर त्यांचे गुडघे पार वर आले आणि पोट स्टिअरिंगला टेकलं.

“काका, असं अडकून कसं चालवाल? सीट मागे घ्या. खाली दांडी आहे बघा, ओढली की सरकते.”

चष्मेवाल्यांनी खाली हात घातला. दांडी हाताला लागली. ती त्यांनी धरली, पण ओढली नाही, हात काढून घेतला.

“असू दे,” ते म्हणाले. “ती आली की पुन्हा पुढे घ्यावी लागेल तिला.”

मेकॅनिकने त्यांच्याकडे बघितलं आणि मग समोर.

“बरं,” तो म्हणाला. “क्लच दाबा.”

गाडी दोन गचके खाऊन चालू लागली. वळवताना स्टिअरिंग त्यांच्या गुडघ्यांना घासत होतं.