गोधडी आणि गाडीची काच

काळाचौकीच्या आमच्या चाळीत इंग्रजी अर्ज म्हटला की बाबुराव सर, म्हणजे मी. चौतीस वर्षं पोरांना पॅसिव्ह व्हॉइस शिकवलाय. सोपं असतं हो! कर्म उचलून पुढे ठेवायचं, त्याला 'वॉज' जोडायचं, क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं आणि ज्याने उद्योग केला त्याला 'बाय' लावून शेवटी बसवायचं. हा 'बाय' जो विसरेल त्याच्या हातावर पट्टी. दयामाया नाही.

तर यंदा झालं असं. गल्ली पाइपलाइनसाठी खणलेली, आणि रविवारी मंडळाचा चौदा फुटी गणपती यायचा. आत आणायला एकच वाट उरली, शेजारच्या टॉवरच्या आवारातून. टॉवरचा चेअरमन दिनेश मोंडकर सही द्यायला तयारही होता. पण गुरुवारी सकाळी मंडपाचा एक बांबू कुंपणापलीकडे त्याच्याच गाडीवर पडला. पुढची काच गेली.

"काय झालं ते लेखी द्या, नाहीतर गणपती दुसरीकडून न्या," त्याने कळवलं. दुसरीकडून कुठून, हवेतून?

मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "सर, असं लिहा ना, की कोणाच्या अंगावर येणार नाही."

"लिहितो की," मी म्हटलं. आवाज जरा चिरकला, कारण बांबू मीच पाडला होता.

पाडला म्हणजे काय, तो बांबू आमच्या गॅलरीच्या कठड्याला दोरीने बांधलेला. चाळीत रिकामी दोरी दिसली की हात आपसूक ओलं कापड शोधतो. मी गोधडी टाकली. धुतलेली, न पिळलेली. पाणी प्यालेली गोधडी म्हणजे म्हैस हो! गाठ सुटली, बांबू गेला, पाठोपाठ गोधडी. कोणी यायच्या आत मी धावत खाली जाऊन ती उचलून आणली. डॉक्टरांनी मला जिने चढू नका म्हणून सांगितलंय.

बायकोला, बकुळाला, सगळं ठाऊक. मी अर्ज लिहायला बसलो तशी ती गोधडी पिळत म्हणाली, "लिवा, लिवा. तुमच्या इंग्रजीत बरी सोय आसा."

अर्ज झकास उतरला. द रोप वॉज लूझन्ड. द बांबू वॉज डिस्टर्ब्ड. द ग्लास वॉज ब्रोकन. अख्ख्या पानात करणारा औषधालाही नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही टॉवरच्या ऑफिसात गेलो. मी, हितेंद्र आणि मंडपवाला दगडू. दिनेश माझाच विद्यार्थी, दहावी ब. त्याने अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"सर, 'बाय' राहिलाय."

"करणारा माहीत नसेल तर गाळतात रे."

"आम्हाला नाही कधी गाळू दिलात," तो तळहात चोळत म्हणाला. मग दगडूकडे वळला. "गाठ तुमचीच ना, मामा? सर, मंडपाचं काम दुसऱ्याला द्या, मी आत्ता सही करतो."

दगडूने मान खाली घातली. तीस वर्षं हा माणूस आमचा मंडप बांधतोय, कधी एक वासा हलला नाही. "सुटली असेल," तो पुटपुटला. "वय झालं आता माझं." हितेंद्र माझ्याकडे डोळे लावून बसला होता, की सर, हो म्हणून टाका.

शरम वाटली हो. अशी शरम वाटली की कान तापले.

"मी," मी म्हटलं. "गोधडी टाकली त्या दोरीवर. मी टाकली."

आणि खरं सांगतो, माझा उजवा हात आपोआप पुढे झाला, पंजा उघडा.

दिनेशने त्या पंजाकडे पाहिलं. टेबलावर फूटपट्टी होती. त्याने पेन उचललं आणि माझ्या हातात ठेवलं. "लिहा सर. खाडाखोड नको."

मी लिहिलं. 'आय'पासून सुरुवात करून गोधडीपर्यंत सगळं. त्याने खाली सही ठोकली.

रविवारी गणपती टॉवरच्या फाटकातून वाजतगाजत आला. मंडपाला दगडूने नवी दोरी बांधली होती आणि तिला पाटी लटकवली होती, 'येथे कपडे वाळत घालू नयेत.' कोणी, ते लिहिलं नव्हतं. आरतीला जमलेली अख्खी चाळ पाटी वाचून माझ्याकडे बघून हसत होती, आणि सगळ्यांत मोठ्याने बकुळा.