थोरलीचा कॉम्प्युटर

थोरलीच्या पोटात दुखत होतं, पण त्यावर औषध नव्हतं. लेक तिची, आणि सकाळचा चहा झाला की ती जाऊन बसायची धाकट्या जावेच्या खोलीत! दोघी जावा मशीनवर भरतकाम करून द्यायच्या आणि लेक दोघींना कॉम्प्युटरवर नमुने काढून द्यायची. धाकटीचा कॉम्प्युटर बटण दाबताच जागा व्हायचा. थोरलीचा ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्याच पोटात सगळं यंत्र. तो उठेपर्यंत इकडे भांडी घासून व्हायची.

"काकूकडे पटकन होतं गं आई," लेक म्हणायची. मग भिंतीपलीकडून दोघींचं खिदळणं ऐकू यायचं आणि थोरली दोरा हिसका देऊन तोडायची. खिदळायलासुद्धा कॉम्प्युटर लागतो का, म्हणते मी?

शेवटी तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने कॉम्प्युटर चादरीवर पालथा घातला आणि पाठीचं झाकण हळूहळू उचकटलं. आत एक जागा रिकामीच होती. तिथे त्याने बोटाएवढी एसएसडी, म्हणजे नवी झटपट चालणारी डिस्क, बसवून स्क्रू आवळला.

"मावशी, आता जुन्या डिस्कवरची सिस्टम हिच्यावर उतरवतो. मग बघा कसा पळतो."

"जुन्याला हात लावायचा नाही!" थोरली कडाडली. "माझे नमुने आहेत त्यात. उद्या माझी फुलं भिंतीपलीकडे उमलायची. नवीन नुसतं जोड आणि झाकण लाव."

"अहो, पण..."

"लाव म्हटलं ना!"

त्याने झाकण लावलं आणि तो गेला.

थोरलीने ऐटीत लेकीला हाक मारली. लेक आली, आणि शेपटासारखी धाकटीही आली. थोरलीने बटण दाबलं. पडद्यावर ते गोल फिरायला लागलं, ते फिरतच राहिलं.

"नवा आहे ना ताई, लाजतोय," धाकटी म्हणाली.

लेक फिस्सकन हसली. थोरलीच्या काळजात सुई गेली.

"आई, आज काम द्यायचंय. मी काकूकडेच करते." लेक दाराकडे निघाली.

धाकटी मात्र पडद्यापुढे वाकली होती. "ताई, सिस्टम जुन्यावरच राहिलीय. नवी सून आणली आणि माळ्यावर बसवली, असं झालंय. मी उतरवून देऊ? माझीही मीच उतरवली होती. नमुने कुठे जात नाहीत."

जिच्यावर जळायचं तिच्याच हाताने दिवा लावून घ्यायचा! पण लेकीचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. थोरलीने त्या पायाकडे पाहिलं.

"उतरव. पण नमुने उघडलेस तर बोटं मोडीन."

"उघडून काय करू? तुमची ती वेल मला सात जन्मांत जमायची नाही. रडले होते मी तिच्यापायी."

थोरलीने स्वतःच्या हाताने माउस तिच्यापुढे सरकवला. असं कधी झालं नव्हतं.

दुपारी बटण दाबलं, तर पडदा लख्ख उघडला. लेक आपणहून येऊन बसली. थोरली मनातल्या मनात फुलतेय तोच दारातून खुर्ची आत आली, मागोमाग धाकटी.

"तिकडे एकटी काय करू, ताई?"

लेकीने सरकून तिला शेजारी जागाही करून दिली.

"बस," थोरली म्हणाली, आणि आपली खुर्ची आणून दोघींच्या बरोब्बर मधे घातली.