तिसऱ्या ओळीतला श्वास

पहिलं कडवं

देशाच्या गीतस्पर्धेसाठी गाणं निवडलं तेव्हा ते कुणाचं, हे परीक्षकांना ठाऊक नव्हतं. नावं झाकलेली, समोर फक्त आवाज. तो आवाज मेरिकेचा होता. ती विल्यांदीत शाळेची बस चालवायची आणि दर आठवड्याला राइगोबरोबर गावच्या गायनसंघात गायची.

गाणं राइगोचं. त्याने ते आपल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत तिच्याकडून गाऊन घेतलं होतं. लाकडी भिंतींमुळे तिथे आवाजाला ऊब यायची. ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू करता करता तो म्हणाला, "हे निवडलं गेलं ना मेरिके, तर तालिनच्या मंचावर तूच."

"जा रे, काहीतरीच!" ती म्हणाली आणि गाऊ लागली. तिसऱ्या ओळीत तिचा आवाज तुटला. श्वास अडखळला, मग पुन्हा सुरात आला.

"परत गाऊ?"

"खबरदार! त्याला हात लावायचा नाही."

ध्रुवपद

अनोळखी बाईला फोनवरून मत कोण देणार?

हे गाण्याचा निर्माता म्हणाला होता. राइगोने मान डोलावली नव्हती. पण नकारही दिला नव्हता. घरी येईपर्यंत ते वाक्य त्याचं स्वतःचं झालं होतं. गायिका केर्तुला सगळा देश ओळखत होता. केर्तु गाणार असं ठरलं.

कापलेलं कडवं

(गाण्याला तीन मिनिटांची मर्यादा असते. हे त्यात बसलं नाही.)

राइगोने मेरिकेला फोन लावला.

"हं, बोल."

"मेरिके, ते... बसला हिवाळ्याची चाकं लावलीस का?"

"नोव्हेंबरातच. का रे?"

"नाही, रस्ते निसरडे झालेत, म्हणून."

"बरं," ती म्हणाली. जरा थांबली. त्याने काही बोलावं म्हणूनच थांबली असणार. त्याने फोन ठेवला.

दुसरं कडवं

तिला कळलं ते रेडिओवरून, बस चालवताना.

"पोरांनी कल्ला केला," गायनसंघाच्या सरावाच्या मधल्या सुट्टीत कॉफी ओतताना तिने सांगितलं, "मेरिकेचं गाणं, मेरिकेचं गाणं! मीही आवाज वाढवला. मग निवेदिका म्हणाली, केर्तु गाणार. पोरं एकदम गप्प. ती चिडीचूप बसलीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं."

"मी फोन करणारच होतो."

"केलास की. चाकांचं विचारलंस."

बाकीच्या बायका कपात बघत राहिल्या. मेरिकेने त्याच्यापुढे ताटली सरकवली. काळ्या पावावर खारवलेली मासळी, वर अंड्याची चकती. "खा. वाळलायस." शिव्या दिल्या असत्या तर गिळायला सोपं गेलं असतं.

मधली जागा

केर्तुला सगळं जमलं, तिसरी ओळ सोडून. ती तुटायची, पण खोटी. कुणीतरी मुद्दाम कप फोडल्यासारखी.

"ज्या बाईने गायलंय तिला भेटव ना मला," ती म्हणाली. "तिने तिथे नेमकं काय केलंय?"

राइगोने चार सबबी काढल्या. शेवटी बुधवारी तिला घेऊन तालिनहून विल्यांदीला गेला. मेरिकेने दोघांना स्वयंपाकघरात बसवलं आणि कामाचे बूट न काढता उभीच राहिली.

"तो श्वास," केर्तु म्हणाली, "कसा घेता तुम्ही?"

मेरिकेने राइगोकडे पाहिलं. तो मेजपोशाची किनार चाचपत होता. आता सांगेल, त्याला वाटलं. सांगू दे एकदाचं.

"सर्दी होती मला," मेरिके म्हणाली. "कफ अडकला. त्यात शिकण्यासारखं काही नाही, पोरी."

परतीच्या वाटेवर बर्फ पडत होता. वाटेतलं पाइदे गाव मागे पडल्यावर राइगोच्या तोंडून निघालंच. "सर्दी नव्हती. मी तिला तेव्हाच सांगितलं होतं, तूच गाणार म्हणून. त्या आनंदाने आवाज तुटला."

"आणि मी तो आनंद घोटून पाठ करतेय," केर्तु म्हणाली. "तिलाच गाऊ दे ना! मी हटते. खरंच."

"आता नाव जाहीर झालंय."

गायक बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. केर्तुला ते माहीत नव्हतं. राइगोला होतं. तो काचेवरून इकडून तिकडे जाणारे वायपर बघत राहिला.

गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी त्याने गाडी धुतली. फेब्रुवारीत!

शेवटचं ध्रुवपद

अनोळखी बाईला मत कोण देणार?

अंतिम फेरीच्या दिवशी तो मंचामागे केर्तुला म्हणाला, "तिसरी ओळ सरळ गा. तोडू नकोस."

"तीच तर जागा लोकांना आवडलीय."

"ती आपली नाही."

केर्तु सरळ गायली. सुरेल, स्वच्छ, इस्त्री केलेल्या चादरीसारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मतं दुसऱ्यांना दिली. गाणं सहावं आलं. निर्माता त्याच्याशी बोलला नाही. राइगोला मात्र आत कुठेतरी हलकं वाटलं. काहीतरी फेडल्यासारखं. त्याच हलकेपणात त्याने मेरिकेला फोन लावला.

"पाहिलंस?"

"पाहिलं. पोरगी चांगली गायली." मागे टीव्ही चालू होता. "तिसऱ्या ओळीत ती थांबली नाही."

"मीच नको म्हणालो. ते तुझं होतं."

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"म्हणजे तेवढंच परत केलंस," मेरिके म्हणाली.

राइगोला शुक्रवार आठवला. बादली, साबणाचं पाणी, हाताला झोंबणारी थंडी. शुक्रवारचं सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पलीकडे ती थांबली होती, मागच्या खेपेसारखीच.

"रस्ते अजून निसरडे आहेत," तो म्हणाला. "सकाळी बस जपून चालव."

"चालवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.