करमाळ्याला जाणारी गाडी

उभा जन्म मी जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करण्यात काढला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा माग अडला की पहिली हाक मलाच, "सयाजी कुटं गेला?" आणि म्हातारपणी माझ्याच दारातली गाडी मला येड्यात काढायला लागली, म्हणजे बघा!

गाडी जुनी, बरेच हात बदलून आमच्याकडं आलेली. रोग असा, की सकाळी चावी मारली की सुरू, आणि दुपारी मारली की नुसतं 'टक'. दिवे मंद व्हायचे आणि पुढं काही नाही. मग भवानी पेठेतल्या आमच्या बोळातले लोक ढकलायचे. बॅटरीवाल्यानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं इंजिन फिरवणारा सेल्फ उघडून साफ केला. गॅरेजात नेली की मात्र शहाण्यासारखी एका चावीत सुरू! असला राग यायचा, की दोन लाथा घालाव्यात.

माझ्या पोराचं, मल्हारचं म्हणणं सरळ होतं. "आबा, विका आता. रविवारी माणूस बघायला येतोय."

त्याचं चुकीचं नव्हतं. पण ती गाडी खरं तर माझ्या बायकोची, दगडाबाईची. तिची आई चिमाबाई करमाळ्याला अंथरुणाला खिळलेली. म्हातारी आता कुणालाच ओळखत नाही, एवढ्या एका लेकीला ओळखते. मला तर दर खेपेला विचारते, "ह्यो कोण आलाय?" दगडाबाईच्या गुडघ्यांना एसटीची पायरी चढवत नाही, आणि दर महिन्याला भाड्याची गाडी आम्हाला झेपणारी नाही. गाडी गेली की आईची भेट गेली.

अमावास्येला दगडाबाई गाडीची पूजा करायची, नारळ फोडायची, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघायचो. गेल्या खेपेला टेंभुर्णीत चहाला थांबलो आणि तिथंच 'टक'. लोकांनी ढकलून दिली, पण पुढं कुठं अडकलो तर, या भीतीनं मी गाडी माघारी वळवली. सोलापूर येईपर्यंत बाई मागं वळून वळून बघत होती. मला लई वाईट वाटलं.

या शनिवारी अमावास्या होती. सकाळीच चावी मारली, तर 'टक'. म्हटलं, बास झालं आता. माग बिघडला की आम्ही आधी हात लावून बघायचो. जोड खराब असला की वीज तिथं अडते, आणि अडली की ती जागा तापते. मी बॉनेट उघडलं आणि दगडाबाईला माझ्या सीटवर बसवलं.

"मी म्हणेपर्यंत चावी दाबून धर."

"अवो, पुढं पळाली तर?"

"पळाली तर गल्लीत पेढे वाटतो! दाब."

टक. बॅटरीचा जोड गार. सेल्फची जाड वायर गार. मग हात खाली घातला. बॅटरीची दुसरी वायर तिथं गाडीच्या पत्र्याला बोल्टानं जोडलेली असते, तिला अर्थिंग म्हणतात. तिथं चटका बसला.

"सापडली गं, सापडली!" मी ओरडलोच.

बोल्ट काढला. आत हिरवट-पांढरा थर, आणि बोटाला लाल लागलं. गंज म्हणावं तर हे कुंकू!

"दगडाबाई, पूजेला मी बॉनेट उघडून देतो आणि आंघोळीला जातो. मागं तू काय करतीस?"

"हळदी-कुंकू लावते, नारळाचं पाणी घालते की."

"कुठं? चाकावर?"

"इंजिनावर. आईनं सांगितलं व्हतं, चाकं नुसती फिरत्यात, राबतंय ते इंजिन. राबणाऱ्याला आदी पाज म्हणून."

मी तोंड उघडलंच होतं. पण गाडीतून उतरून तिनं माझ्या बोटावरचं कुंकू बघितलं.

"म्हंजी आईकडं जाणं मीच बंद पाडलं व्हय?"

"तू कशाला? नारळाच्या पाण्यानं जोड सडवला, त्यानं पाडलं," मी म्हणालो. यापेक्षा चांगलं मला सुचलं नाही.

पॉलिश पेपरनं जोड घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. चावी मारली. सुरू! बंद केली, परत मारली. सुरू! मल्हार बाहेर आला, "आबा, काय खेळ चाललाय?"

"रविवारच्या माणसाला सांग, येऊ नको."

रविवारी करमाळ्यापर्यंत गाडीनं कुठं कुरकुर केली नाही. म्हातारीनं डोळे उघडले. "दगडे, आलीस? इंजिनाला पाजलंस का?"

तिच्या जागी मी असतो तर बेधडक 'व्हय' म्हणालो असतो. दगडाबाईला ते जमलं नाही. आईचा हात धरून रडत रडत तिनं सगळं सांगून टाकलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग इंजिनाला नगं. गाडी चालवतो त्याला पाज. त्योबी राबतोय की."

शनिवारचा नारळ दगडाबाईनं फोडलाच नव्हता, पिशवीत तसाच होता. तिनं तो उंबऱ्यावर फोडला आणि पाणी फुलपात्रात घेऊन माझ्यापुढं धरलं. मी असल्या गोष्टींना हसणारा माणूस. पण माग चालू झाला की जॉबरकडं कोण बघतंय? राबतोस म्हणून मला आजवर कुणी पाणी पाजलं नव्हतं. दोन घोट घेऊन मी थांबलो.

"समदं प्या, जावईबापू," म्हातारी म्हणाली. "फुडल्या आवसंला तिला परत आणायचंय."